स्वादुपिंडाची एक दुर्मिळ गाठ : लक्षणे, उपचार आणि दीर्घ पाठपुरावा

सालाबादप्रमाणे यंदाच्या अहवालातही जमाखर्च आणि कार्यवृत्तांत यांच्या जोडीने एका आजाराविषयीचा अभ्यासलेख आम्ही सादर करीत आहोत. आजवर बहुधा मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग असे घरोघरी आढळणारे आजार आम्ही निवडत आलो. या वेळी विषय अगदी निराळा आहे. स्वादुपिंडात होणाऱ्या सर्व गाठींमध्ये जिचे प्रमाण शेकडा १ ते ३ एवढेच सांगितले जाते, अशा एका दुर्मिळ गाठीविषयी हा लेख आहे. इतक्या विरळ आजारासाठी अहवालाची पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत निघाला आणि तो रास्तच होता. त्याचे उत्तर आमच्या रुग्णालयाच्या पत्त्यातच आहे.

सदाशिव पेठ ही आता केवळ जुन्या वाड्यांची आणि निवृत्तांची पेठ राहिलेली नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो मुलामुलींची ती वस्ती झाली आहे. कॉट बेसिसवरच्या खोल्या, अभ्यासिका आणि खानावळी यांच्यामध्ये त्यांचे आयुष्य चालते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जी रांग लागते, तीत वयाची विशी-पंचविशी गाठलेल्या मुलींची संख्या लक्षणीय असते. येथे वर्णन केलेली गाठ प्रामुख्याने याच वयातील स्त्रियांना होते. ती वेळीच ओळखली आणि पूर्णपणे काढली तर रुग्ण बहुतेक वेळा बरा होतो. म्हणून हा विषय आमच्या दृष्टीने दुर्मिळ असला तरी दूरचा नाही.

स्वादुपिंड आणि त्याचे आजार

स्वादुपिंड हा सुमारे १५ सें.मी. लांबीचा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पसरलेला असतो. त्याचा उजवीकडील रुंद भाग म्हणजे शीर्ष; ते लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते. मधला भाग म्हणजे देह, आणि डावीकडे प्लीहेपर्यंत निमुळते होत गेलेले पुच्छ. अन्न पचविणारे रस तयार करणे आणि रक्तातील साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन स्रवणे, ही त्याची दोन मुख्य कामे. हा अवयव इतका खोलवर असल्यामुळे त्यात काही बिघाड झाल्यास तो बाहेरून सहसा लवकर समजत नाही.

स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटले की सामान्य माणसाच्या मनात भीतीच उभी राहते आणि ती निराधार नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे याच अवयवाच्या कर्करोगाने १७ मार्च २०१९ रोजी निधन झाले, हे आपल्याकडे सर्वांच्या स्मरणात आहे. या अवयवात जो कर्करोग सर्वाधिक आढळतो, तो पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींतून उद्भवतो. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही या अवयवाच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर ५ वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपासच आहे.

परंतु स्वादुपिंडातील प्रत्येक गाठ एकाच जातीची नसते. संगणक क्षेत्रातील उद्योजक स्टीव्ह जॉब्ज यांना झालेली गाठ संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींची होती. तिचे निदान २००३ साली झाले, शस्त्रक्रिया २००४ साली झाली आणि त्यांचे निधन २०११ साली झाले. अवयव एक असला तरी आजाराची चाल पेशीच्या जातीप्रमाणे बदलते. आमच्या आजच्या विषयातील गाठ ही या दोन्हींहून वेगळी, तिसऱ्या जातीची आहे.

गाठीचे नाव व इतिहास

वैद्यकीय भाषेत हिला ‘सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम’ म्हणतात. गाठीचा काही भाग भरीव असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बोटांसारख्या उंचवट्यांवर बसल्याचा आभास होतो, यावरून हे नाव पडले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया नीलँड फ्रान्ट्झ यांनी तिचे वर्णन केले, म्हणून तिला ‘फ्रान्ट्झ यांची गाठ’ असेही संबोधतात. डॉ. फ्रान्ट्झ यांनी शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले, तेव्हा रुग्णालयाच्या शल्य विभागात स्त्रियांना प्रवेश मिळणे हीच अपूर्वाई होती. स्वादुपिंडाच्या शीर्षावरील मोठी शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या डॉ. अॅलन व्हिपल यांच्या त्या सहकारी होत्या. इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठींवर या दोघांनी मिळून लिहिलेला निबंध १९३५ साली प्रसिद्ध झाला होता.

पुढे अनेक वर्षे ही गाठ निरनिराळ्या नावांनी नोंदली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली तिचे नाव निश्चित केले. आज तिची गणना सौम्य प्रवृत्तीच्या, परंतु पसरण्याची क्षमता असलेल्या कर्करोगांत होते. ‘सौम्य’ आणि ‘पसरण्याची क्षमता’ हे दोन्ही शब्द नातेवाइकांनी एकत्रच ध्यानात ठेवावेत. पहिल्याने धीर येतो आणि दुसऱ्याने सावधपणा राहतो.

कोणास होते आणि लक्षणे काय असतात

१९६१ ते २०१२ या काळात जगभर प्रसिद्ध झालेल्या ४८४ अभ्यासांतील २,७४४ रुग्णांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रकाशित झाला. त्यांपैकी २,४०८ म्हणजे जवळजवळ शेकडा ८८ रुग्ण स्त्रिया होत्या. सरासरी वय २८.५ वर्षे होते आणि गाठीचा सरासरी आकार ८.६ सें.मी. होता. म्हणजे एखाद्या मोठ्या संत्र्याएवढी गाठ होईपर्यंत ती पुष्कळदा लक्षातच येत नाही.

सर्वांत नित्य आढळणारे लक्षण म्हणजे पोटात दुखणे. सुमारे शेकडा ६४ रुग्णांत ते नोंदले गेले. हे दुखणे तीव्र नसते. जेवणानंतर पोट जड वाटणे, डाव्या कुशीत किंवा बेंबीच्या वर अस्वस्थ वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, असे त्याचे स्वरूप असते. काहींना स्वतःच्या हाताला गाठ लागते. पुष्कळांची गाठ अन्य कारणाने केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसून येते. क्वचित प्रसंगी पोटावर मार बसल्याने गाठ फुटून आत रक्तस्राव होतो. नलिकांच्या कर्करोगात जी कावीळ दिसते, ती येथे सहसा दिसत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या व कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या खुणेच्या चाचण्याही बहुधा निर्दोष येतात. त्यामुळे ‘रक्त चांगले आहे, मग काळजी कशाची?’ हे समाधान येथे उपयोगाचे नाही.

एका रुग्णाचा वृत्तांत

ओळख पटू नये म्हणून या रुग्णाचे नाव, गाव व वर्ष आम्ही देत नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी परीक्षेच्या तयारीसाठी पेठेत राहणारी ही मुलगी पोटाच्या तक्रारीसाठी आमच्याकडे तीन वेळा आली. खानावळीचे जेवण, रात्रीची जागरणे आणि चहा, असा तिचा दिनक्रम ऐकून तीनही वेळा आम्लपित्ताची औषधे दिली गेली. तिलाही तेच हवे होते. पूर्वपरीक्षा जवळ आली होती. चौथ्या वेळी तपासणीच्या टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिले, तेव्हा डाव्या बरगडीखाली गाठ हाताला लागली. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि दोन दिवसांत सी.टी. स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या पुच्छात ९ सें.मी. आकाराची, स्पष्ट वेष्टन असलेली, अर्धी भरीव व अर्धी द्रवयुक्त गाठ होती.

वडील एस.टी.ने रात्रभर प्रवास करून आले. त्यांना कर्करोगाचा शब्द सांगावा लागला. बराच वेळ ते बोलले नाहीत आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “हिचं पुढं कसं व्हायचं?” त्यांच्या प्रश्नात जगणे, शिक्षण, लग्न, मुलेबाळे, सगळेच होते. आमच्या डॉक्टरांनी प्रत्येक गोष्टीचे उत्तर वेगवेगळे दिले. ही गाठ सर्वसाधारणपणे आनुवंशिक नसते. तिच्या पेशींतील बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाशी संबंधित जनुकात जो बदल होतो, तो त्या गाठीपुरता असतो. आईवडिलांकडून आलेला नसतो आणि सहसा पुढच्या पिढीकडे जात नाही. शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना सुखरूप मुले झाल्याच्या नोंदी आहेत. मात्र गरोदरपणाचे नियोजन उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. वडिलांनी हे सारे एका वहीत लिहून घेतले.

निदान करताना घ्यावयाची काळजी

या गाठीची इतर आजारांशी गल्लत होऊ शकते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर तेथे द्रव साचून जी पोकळी तयार होते, तिच्यासारखी ही गाठ दिसू शकते. आपल्या देशात क्षयरोगाची गाठ किंवा हायडॅटिड रोगाची पुटी यांचाही विचार करावा लागतो. द्रव साचल्याचे समजून नळी घालून ती रिकामी करण्याचा प्रयत्न झाला, तर योग्य उपचार लांबतो. म्हणून तरुण स्त्रीच्या स्वादुपिंडात वेष्टन असलेली, भरीव व द्रवयुक्त गाठ दिसली की या आजाराची शंका आधी घ्यावी, असे आमचे तज्ज्ञ सांगतात. सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. यांतून चित्र बहुधा स्पष्ट होते. संशय राहिल्यास एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने पेशी घेऊन तपासतात. अंतिम शिक्कामोर्तब अर्थातच पॅथॉलॉजीच्या अहवालाने होते.

उपचार

या गाठीवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. गाठ पुच्छात असल्यास स्वादुपिंडाचा डावा भाग काढतात. शक्य तेथे प्लीहा वाचवितात. न वाचल्यास तीही काढावी लागते. प्लीहा काढावी लागण्याचा संभव असेल, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब या जंतूंविरुद्धच्या लशी शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी देतात. गाठ शीर्षात असल्यास डॉ. व्हिपल यांच्या नावाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. काही ठिकाणी रोग यकृतात पसरलेला असला तरी, शक्य असल्यास तोही काढून टाकण्याचा प्रयत्न केला जातो आणि अशा रुग्णांनाही दीर्घ आयुष्य लाभल्याची उदाहरणे आहेत. हे या गाठीचे वैशिष्ट्य होय.

स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया कोठे कराव्यात, हा प्रश्न शल्यविशारदाच्या हातापुरता नसतो. टाक्यांतून पाचकरस झिरपू लागला तर तो ओळखणारे परिचारक, रात्री-अपरात्री उपलब्ध असणारा रेडिओलॉजी विभाग, अतिदक्षता कक्ष आणि रक्तपेढी या सर्वांची सवय तेथे असावी लागते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील शल्यविशारद डॉ. शैलेश श्रीखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंड-शीर्षाच्या सलग १,२०० शस्त्रक्रियांचा अनुभव २०२० साली प्रसिद्ध केला. एकाच केंद्रात, एकाच पथकाच्या देखरेखीखाली काम वाढत गेले की काय साधते, याचा तो दाखला आहे. आमच्यासारख्या पेठेतील मध्यम रुग्णालयाने या कामात आपली मर्यादा ओळखावी, असे आमचे मत आहे. सदर मुलीची शस्त्रक्रिया आम्ही येथे केली नाही. तपासण्या व लसीकरण येथे करून तिला मुंबईतील एका मोठ्या केंद्राकडे पाठविले. पुच्छ व प्लीहा काढावी लागली. पॅथॉलॉजीच्या अहवालाने निदान पक्के झाले आणि गाठ पूर्ण निघाल्याचे कळले.

परिणाम : आकडे कसे वाचावेत

वर उल्लेखिलेल्या आढाव्यात शस्त्रक्रियेनंतरची माहिती १,९५२ रुग्णांची मिळाली. त्यांपैकी १,८६६ म्हणजे शेकडा ९५.६ रुग्ण रोगमुक्त होते आणि ८६ जणांत गाठ पुन्हा उद्भवली होती. हे आकडे अत्यंत आशादायक आहेत. परंतु आम्ही वाणिज्य शाखेतले; आकडा दिसला की तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे पाहण्याची आमची सवय. रुग्णांच्या पाठपुराव्याचा सरासरी काळ ३६ महिने होता आणि ज्यांच्यात गाठ परत आली, त्यांच्यात ती येण्याचा मध्यक काळ ५०.५ महिने होता. म्हणजे ज्यांच्यात गाठ परतली, त्यांच्यापैकी निम्म्यांत ती ४ वर्षांहून अधिक काळाने दिसली, तर रुग्णांवर लक्ष मात्र सरासरी ३ वर्षेच ठेवले गेले. वर्ष संपण्यापूर्वीच खाते बंद करून शिल्लक उत्तम असल्याचे सांगावे, तसा हा प्रकार होण्याचा धोका आहे. गाठ परतण्याचे खरे प्रमाण नोंदीपेक्षा काहीसे अधिक असू शकेल. यातून घाबरण्याचे कारण नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर निदान ५ वर्षे दरवर्षी तपासणी करावी आणि त्यानंतरही दीर्घकाळ ती चालू ठेवावी, असा तज्ज्ञांचा आग्रह का असतो, हे त्यातून समजते. गाठ परत आली तरी ती वेळेवर दिसल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करता येते.

आमची चूक व तिची दुरुस्ती

येथे आम्हांस एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करावयाची आहे. सदर मुलगी शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे वार्षिक तपासणीस आली. तिसऱ्या वर्षी आली नाही आणि ती आली नाही हे आमच्या लक्षातही आले नाही. पुढे जुन्या नोंदी संगणकावर घेताना तिचा कागद समोर आला. दूरध्वनी लागत नव्हता. नोंदवहीत पत्ता होता तो कॉट बेसिसच्या खोलीचा. तेथे त्यानंतर किती मुली राहून गेल्या, हे घरमालकांनाही सांगता येईना. आमच्याच बाह्यरुग्ण पत्रिकेवर पाठपुराव्याच्या रकान्यात ‘आवश्यकतेनुसार’ असे लिहिलेले होते. आपले पोट दुखत नाही, म्हणजे आवश्यकता नाही, असा अर्थ तिने घेतला असल्यास दोष तिचा नव्हे.

शेवटी पत्ता मिळाला तो वैद्यकीय कपाटात नव्हे, तर लेखा विभागाच्या कपाटात. तिच्या तपासण्या निर्धन रुग्ण निधीतून झाल्या होत्या आणि त्या प्रकरणासोबत शिधापत्रिकेची व तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्याची प्रत जोडलेली होती. गावाचे नाव तेथे होते. समाजसेविकेने ग्रामपंचायतीमार्फत निरोप पोहोचविला. मुलगी वडिलांसह आली, ती शस्त्रक्रियेच्या पाचव्या वर्षात. वडिलांनी ती जुनी वही सोबत आणली होती. सी.टी. स्कॅनमध्ये यकृत व उरलेले स्वादुपिंड निर्दोष आढळले. त्या दिवशी रुग्णालयातील सर्वांनाच सुटका झाल्यासारखे वाटले. पण निष्कर्ष वेगळा आला असता, तर दोन वर्षांच्या विलंबाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

तेव्हापासून पुढील बदल केले आहेत. पुण्यात तात्पुरत्या राहणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा गावाकडील कायमचा पत्ता व घरातील दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक नोंदविले जातात. दीर्घ पाठपुराव्याच्या आजारांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवली असून ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासली जाते. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द बंद करून महिना व वर्ष लिहिले जाते. रुग्ण गावी परतल्यास तेथील डॉक्टरांसाठी आजाराचा गोषवारा मराठीतून दिला जातो. तसेच पोटाच्या त्याच तक्रारीसाठी रुग्ण दुसऱ्यांदा आल्यास पोट तपासल्याखेरीज औषध द्यावयाचे नाही, असा नियम डॉक्टरांनी स्वतःहून केला आहे.

खर्चाची तरतूद

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांतील शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी व शेकडा १० खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. पहिल्यांना उपचार विनामूल्य व दुसऱ्यांना सवलतीच्या दरात द्यावयाचे असतात. यासाठी एकूण देयकांच्या शेकडा २ रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढली जाते. याखेरीज २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी शासकीय योजनाही अनेक मोठ्या शस्त्रक्रियांसाठी आधार ठरते. नातेवाइकांनी शिधापत्रिका, आधारपत्र व उत्पन्नाचा दाखला आरंभीच सोबत ठेवावा.

तथापि, कायद्याचा निधी रुग्णालयातील देयकापुरता असतो. मुंबईचा प्रवास, तेथील महिनाभराचा मुक्काम, बुडालेली मजुरी आणि पुढील अनेक वर्षांच्या तपासण्यांसाठी गावाहून येण्याजाण्याचा खर्च त्यात बसत नाही. पाठपुरावा खंडित होतो तो बहुधा याच ठिकाणी. आमच्या देणगीदारांच्या रुग्णसाहाय्य निधीतून हा भाग उचलला जातो. नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, परतीच्या एस.टी. तिकिटावर ते कोरता येत नाही. तरीही अनेक हितचिंतकांनी या निधीस वर्षानुवर्षे साहाय्य केले आहे, याची कृतज्ञ नोंद आम्ही येथे करीत आहोत.

समारोप

पेठेत राहणाऱ्या मुलींना व त्यांच्या पालकांना आमचे नम्र सांगणे एवढेच की, दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ राहणारी पोटातील जडपणाची किंवा दुखण्याची तक्रार परीक्षा होईपर्यंत पुढे ढकलू नये. बहुतेकांना काहीही गंभीर निघणार नाही. ज्या एखादीला निघेल, तिचा आजार बरा होण्याजोगा असण्याचा संभव मोठा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुटुंबांनी तपासणीचा महिना दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि पत्ता बदलल्यास आम्हांस कळवावे. सदर मुलीची पुढील तपासणी कोणत्या महिन्यात आहे, हे आता आमच्या नोंदवहीतही आहे आणि तिच्या वडिलांच्या वहीतही.